इंडोनेशियन शिकायची, तर मराठीतून

इंडोनेशियन ही फार सोपी भाषा आहे असं सांगून कुणी तुम्हाला वर्गात बसवत असेल, तर त्यावर निम्माच विश्वास ठेवा. लिपी रोमन, नामांना लिंग नाही, विभक्ती नाहीत, काळाप्रमाणे क्रियापद बदलत नाही. हे सगळं खरं आहे. त्यामुळे दोन-तीन महिन्यांत तुम्ही बाजारात भाव करू लागता, पत्ता विचारता, आणि भाषा आली असं वाटू लागतं. मग एक दिवस ‘कोम्पास’ दैनिकाचा अग्रलेख समोर येतो आणि पहिल्याच वाक्यात गाडी रुतते. शब्द ओळखीचे वाटतात, पण प्रत्येकाला पुढून-मागून काहीतरी चिकटलेलं असतं आणि अर्थ हाती लागत नाही. बरेच विद्यार्थी गळतात ते इथे. भाषा सोपी म्हणून घेतली होती, ती अवघड निघाली की आपल्यातच काही कमी आहे असं त्यांना वाटतं.

कमी त्यांच्यात नसते, शिकण्याच्या वाटेत असते. आपल्याकडचा विद्यार्थी इंडोनेशियन जवळजवळ नेहमी इंग्रजीतून शिकतो. जेम्स स्नेडन यांचं व्याकरण, एकोल्स आणि शादिली यांचा कोश ही उत्तम साधनं आहेत, घ्याच. पण ती लिहिताना समोर इंग्रजी बोलणारा विद्यार्थी होता. त्याला जे जड जातं त्यावर तिथे पानंच्या पानं खर्च होतात. तुम्हाला जे आईच्या भाषेतून आयतं मिळालेलं आहे तेही तुम्ही परकं समजून घोकत बसता. पुस्तक इंग्रजीच ठेवा. वही मात्र मराठीत ठेवा. या लेखात मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे, आणि ते नुसतं भाषाप्रेमातून आलेलं नाही. का, ते पुढे पाहू.

आधी एक दिलासा. इंडोनेशियाची लोकसंख्या सुमारे २८ कोटी आणि तिथल्या भाषा सातशेहून अधिक. घरात जावानीज, सुंदानीज, मादुरीज किंवा मिनांगकबाऊ बोलणारी बहुतेक माणसं इंडोनेशियन शाळेत आणि बाहेर शिकलेली असतात. २८ ऑक्टोबर १९२८ला बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, तरुणांच्या परिषदेने एकच राष्ट्रभाषा मानण्याची शपथ घेतली. तेव्हा सर्वांत जास्त लोकांची भाषा होती जावानीज, तरी निवडली गेली ती बंदरांतून आणि बाजारांतून पसरलेली मलय. जावानीजमध्ये समोरच्याच्या दर्जाप्रमाणे शब्दच्या शब्द बदलतात. मलयमध्ये ती कटकट बरीच कमी होती. (राष्ट्रभाषेवरून आपल्याकडे आजही जे चालतं ते आठवून हेवा वाटेल, पण तो विषय वेगळा.) शिकणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की समोरचा माणूसही बहुधा ही भाषा शिकूनच बोलतो आहे. तुमच्या चुकीला तो हसत नाही. तेव्हा लाज घरी ठेवून पहिल्या आठवड्यापासून तोंड उघडा. आणि भाषेला नुसतं ‘बाहासा’ म्हणू नका. त्याचा अर्थ फक्त ‘भाषा’. ‘बाहासा इंदोनेसिया’ म्हणा किंवा सरळ इंडोनेशियन.

वही देवनागरीत

पहिले काही महिने उच्चार देवनागरीत लिहा. शिक्षक नाक मुरडतील, मुरडू द्या. रोमन लिपीत इंडोनेशियनचा एक मोठा घोळ लपलेला आहे: ‘ई’ हे एकच रोमन अक्षर दोन स्वरांसाठी वापरतात. ‘बलुम’ (अजून नाही) यातला पहिला स्वर आपला अ, आणि ‘मेजा’ (टेबल) यातला ए. छापताना दोन्हीकडे अक्षर तेच. इतकंच काय, सफरचंदाचं ‘आपल’ आणि हजेरीच्या रांगेचं ‘आपेल’ यांचं रोमन स्पेलिंग सारखंच असतं. देवनागरीत लिहिलंत की फरक कागदावरच राहतो, पुन्हा ऐकायला जावं लागत नाही.

तसाच ङ. शाळेत आपण तो पाठ करतो आणि जन्मभर वापरत नाही. इथे तो पावलोपावली लागतो, शब्दाच्या सुरुवातीलासुद्धा. फूल म्हणजे ‘बुङा’ आणि आंबा म्हणजे ‘माङ्गा’: पहिल्यात ग नाही, दुसऱ्यात आहे. ‘बुंगा’ असं म्हणालात तर लोक समजून घेतील, पण कान कायमचा बिघडेल. च आणि ज यांच्या बाबतीत मराठी माणसाने सावध राहावं, कारण आपल्याकडे ते दोन-दोन आहेत. इंडोनेशियनमधला च चहातला, चमच्यातला नाही. ज जयमधला, जावयातला नाही. महाप्राण जवळपास नाहीतच, म्हणून भूमीची ‘बुमि’ झाली. शब्दाच्या शेवटचा क बहुधा घशातच गिळतात: ‘तिदाक’, ‘बापाक’. हे ऐकूनच येतं, लिहून नाही.

आता खरा डोंगर: उपसर्ग-प्रत्यय. मूळ धातूला ‘म’ हा उपसर्ग लागून क्रियापद होतं, पण तो लागताना धातूचं पहिलं अक्षर कधी टिकतं, कधी गळतं. इंग्रजी पुस्तकात याचं मोठं कोष्टक असतं आणि विद्यार्थी ते रात्र-रात्र पाठ करतात. तेच देवनागरीत मांडून पाहा. ‘किरिम’ (पाठव) चं होतं ‘मङिरिम’: क गेला, ङ आला. ‘तुलिस’ (लिही) चं ‘मनुलिस’: त गेला, न आला. ‘पुकुल’ (मार) चं ‘ममुकुल’: प गेला, म आला. लक्षात आलं? कठोर व्यंजन जातं आणि त्याच्याच वर्गातला पाचवा वर्ण त्याची जागा घेतो. व्यंजन मृदू असेल तर ते राहतं आणि पाचवा वर्ण त्याच्या आधी येऊन बसतो: ‘बाचा’ (वाच) चं ‘मम्बाचा’, ‘दङार’ (ऐक) चं ‘मन्दङार’, ‘गान्ति’ (बदल) चं ‘मङ्गान्ति’. अपवाद दोनच ध्यानात ठेवायचे. स ची जागा ञ घेतो, म्हणून ‘सापु’ (झाड) चं ‘मञापु’ होतं. आणि च कठोर असूनही गळत नाही, ‘चारि’ (शोध) चं ‘मन्चारि’. पहिलीच्या भिंतीवर टांगलेल्या वर्णमालेच्या तक्त्यात हा नियम तयार आहे. इंग्रजीवाल्याला तो तक्ता मिळालेला नाही.

हा नियम मुरल्याशिवाय कोश उघडता येत नाही. छापील कोशात शब्द धातूखाली असतात. ‘मञापु’ म मध्ये शोधलात तर सापडणार नाही, स कडे जावं लागतं. रोमनमध्ये छापलेला ‘ममराह’ हा शब्द ‘मेराह’ म्हणजे लाल रंगापासून आला की ‘पराह’ म्हणजे दूध काढण्यापासून, हे वाक्य पाहूनच ठरतं. ‘बरुआङ’ म्हणजे अस्वल, आणि पैसेवालाही. अशा जागी चिडू नका. तिथल्या मुलांनाही त्यावर विनोद करायला आवडतं.

म्हणून शब्दांची वही अकारविल्हे किंवा धडावार नको, धातूवार हवी. एका धातूला एक पान. उदाहरणार्थ ‘आजार’. (होय, शिकण्या-शिकवण्याचा धातू देवनागरीत आजारच दिसतो. परीक्षेच्या काळात पटतंही.) त्या पानावर एकाखाली एक येईल: ‘बलाजार’ शिकणे, ‘मङाजार’ शिकवणे, ‘मम्पलाजारि’ एखाद्या विषयाचा अभ्यास करणे, ‘पलाजार’ शाळेतला विद्यार्थी, ‘पङाजार’ शिकवणारा, ‘पलाजारान’ धडा, ‘तर्पलाजार’ सुशिक्षित. पान एकदम भरायचं नाही. वाचताना जे रूप भेटेल ते, ज्या वाक्यात भेटलं त्या वाक्यासकट टिपायचं. अशी शंभरेक पानं झाली की अग्रलेखातली गाठ सुटू लागते. विशेषतः ‘कान’ आणि ‘इ’ या दोन प्रत्ययांचा झगडा सुटायला वाक्यांशिवाय उपाय नाही. ‘ममिन्जाम’ म्हणजे उसनं घेणं. ‘ममिन्जामि’ म्हणजे कुणाला तरी उसनं देणं. ‘ममिन्जामकान’ म्हणजे एखादी वस्तू उसनी देणं. नियम सांगता येतो, पण बोलताना नियम आठवायला वेळ नसतो.

जे आपल्याला आयतं आहे

‘किता’ आणि ‘कामि’ हे दोन शब्द इंग्रजीवाल्यांना वर्षानुवर्षं छळतात. तुम्हाला एक ओळ पुरे: किता म्हणजे आपण, कामि म्हणजे आम्ही. हिंदीतून शिकणाऱ्यालासुद्धा ही सोय नाही.

‘तुम्ही’साठी पुस्तकात ‘आन्दा’ शिकवतात. फॉर्म, जाहिरात, सूचनाफलक यांत तो ठीक आहे. माणसाशी बोलताना कोरडा वाटतो. तिथे लोक नात्याने बोलतात: वडीलधाऱ्या पुरुषाला ‘पाक’, बाईला ‘बु’, जावात तरुणाला ‘मास’ आणि तरुणीला ‘म्बाक’, बाकी ठिकाणी ‘काक’. अनोळखी दुकानदाराला काका आणि भाजीवालीला मावशी म्हणणाऱ्या माणसाला यात नवं काय आहे? एवढंच की ते शब्द सर्वनामाच्या जागी सरळ बसतात. ‘पाक कुठे चाललेत?’ या वळणावर वाक्य केलंत की झालं.

लग्न झालं का, मुलं आहेत का, जेवलात का, हे प्रश्न तिथे पहिल्या भेटीत येतात. उत्तर ‘नाही’ असेल तर ‘तिदाक’ म्हणू नका, ‘बलुम’ म्हणा, म्हणजे ‘अजून नाही’. लग्नाच्या प्रश्नाला ‘तिदाक’ म्हणणं म्हणजे करणारच नाही असं ठणकावणं. आपल्याकडेही ‘व्हायचंय अजून’ असंच म्हणतात.

कर्मणी प्रयोगाचं तर विशेष सांगायला हवं. ‘सुरात इतु सुदाह साया किरिम’ हे अगदी रोजचं वाक्य: ते पत्र मी पाठवलं. इथे क्रियापदाला ‘म’ लागत नाही आणि पत्र पुढे येतं. इंग्रजी पुस्तकं याला ‘पॅसिव्ह’ म्हणतात, मग इंग्रजीत शिकलेला विद्यार्थी एकतर हे वाक्य टाळतो, नाहीतर ‘पत्र माझ्याकडून पाठवलं गेलं’ अशा धर्तीवर ‘दिकिरिम ओलेह साया’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. तुम्ही मराठीत दिवसभर ‘मी पत्र पाठवलं, मी भाकरी खाल्ली’ असं म्हणता, तेव्हा क्रियापद कर्माच्या मागे चाललेलं असतं. इंडोनेशियनमध्ये क्रियापदाचं रूप लिंगाने बदलत नाही एवढाच फरक. नजर कर्मावर ठेवायची सवय तीच. ती सवय दाबू नका.

उलट, काही ठिकाणी मराठीच पायात येते. क्रियापद शेवटी ढकलण्याची खोड सोडावी लागते. विशेषण नामाच्या मागून येतं: ‘रुमाह बसार’, घर मोठं. मोजताना माणसाला ‘ओराङ’, प्राण्याला ‘एकोर’ म्हणजे शेपूट, वस्तूला ‘बुआह’ लावतात. आपल्याकडे असं काही नसल्याने ते विसरतं. आणि घड्याळ. ‘सतङाह अम्पात’ यात ‘अर्धा’ आणि ‘चार’ हे दोन शब्द आहेत. आपल्या साडेचारच्या सवयीने तुम्ही साडेचार समजता. वेळ असते साडेतीनची, कारण हिशेब चारला अर्धा तास कमी असा आहे. मुलाखतीची किंवा बसची वेळ असेल तर तासाभराने चुकणं परवडत नाही; आकड्यात लिहून घ्या.

ओळखीच्या शब्दांची भुरळ

भारतीय विद्यार्थ्याचा आवडता छंद म्हणजे इंडोनेशियनमधल्या संस्कृत शब्दांची यादी करणं. मी त्यावर फार वेळ घालवू नका असंच सांगेन. शब्द आलेत, अर्थ मात्र आपापल्या वाटेने गेलेत. ‘चिन्ता’ म्हणजे प्रेम, ‘नगारा’ म्हणजे राष्ट्र, ‘आचारा’ म्हणजे कार्यक्रम, ‘सास्त्रा’ म्हणजे साहित्य, ‘बिचारा’ म्हणजे बोलणे. ‘पुआसा’ उपवासातून आला, पण तो रमजानचाही रोजा. ‘हुकुम’ म्हणजे कायदा आणि ‘दाफ्तार’ म्हणजे यादी, हे अरबीतून आलेले. ओळखीचा शब्द दिसला की उलट जास्त सावध व्हा आणि कोश उघडा. तिथल्या भाषा-संस्थेचा मोठा कोश ‘कामुस बसार’ १९८८ साली पहिल्यांदा निघाला आणि आता तो इंटरनेटवर पाहता येतो.

गोव्यातल्या आणि तळकोकणातल्या वाचकाला मात्र एक वेगळीच मौज आहे. अल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. तेच पोर्तुगीज शब्द दोन्हीकडे उतरले: खिडकीला कोकणीत जनेल, तिकडे ‘जन्देला’, चर्चला इगर्ज, तिकडे ‘गरेजा’, फेस्त तिकडे ‘पेस्ता’. पण खाणं, पिणं, झोपणं, जाणं, पाणी, रस्ता, पाऊस, हे रोजचे शब्द मूळ मलय आहेत आणि ते कष्टानेच पाठ करावे लागतात. ऑफिस, टॉवेल, फ्रिज डच वळणाचे: ‘कान्तोर’, ‘हान्दुक’, ‘कुल्कास’.

मलेशियाच्या मलयचे व्हिडिओ पाहून इंडोनेशियन शिकू नका, हेही जाता जाता. भाषा सख्ख्या आहेत, पण ‘करेता’ तिकडे मोटार आणि इकडे रेल्वे. ‘परचुमा’ तिकडे फुकट, इकडे व्यर्थ. ‘बुदाक’ तिकडे मूल, इकडे गुलाम.

पुस्तकातली आणि रस्त्यावरची

दुसरी गळती होते ती तिथे पोहोचल्यावर. वर्गात उत्तम गुण मिळवलेला विद्यार्थी जकार्तात उतरतो आणि चहाच्या टपरीवरचं बोलणं त्याला कळत नाही. ‘तिदाक’चं ‘ङ्गाक’ झालेलं असतं, ‘सुदाह’चं ‘उदाह’, ‘साया’च्या जागी ‘गुए’, उपसर्ग गायब, आणि वाक्याच्या टोकाला ‘सिह’, ‘दोङ’, ‘कोक’, ‘देह’, ‘कान’ अशी शेपटं. शिक्षक याला अशुद्ध म्हणून हात झटकतात. तुम्ही झटकू नका. समकालीन कादंबऱ्यांतले संवाद, चित्रपट, मित्रांचे मेसेज सगळे याच भाषेत असतात. स्नेडन यांनी जकार्ताच्या बोलभाषेवर २००६ साली स्वतंत्र पुस्तक केलं आहे, ते मिळवा.

या शेपटांचा अर्थ इंग्रजीत समजावताना परिच्छेद लागतात. मराठीत ती आपल्या जिभेवर आहेत. ‘मौ दोङ’ म्हणजे ‘हवंच की’. ‘ङ्गाक आपा-आपा कोक’ म्हणजे ‘काही नाही हो’. ‘कोक बलुम माकान?’ म्हणजे ‘अजून जेवला कसा नाहीस?’ शेवटी आलेला ‘कान?’ म्हणजे आपला ‘ना?’ वहीत समोर असं मराठीच लिहा. की, ना, बरं, हं, बुवा यांची आपल्याला सवय आहे, म्हणून कुठलं शेपूट कुठे शोभतं हे आपल्या कानाला लवकर कळतं. मात्र ऐकायला आलं म्हणून लगेच बोलायला घेऊ नका. प्राध्यापकांसमोर ‘गुए’ म्हणणं म्हणजे कॉलेजात सरांना ‘काय रे’ करणं.

रोजच्या सरावाबद्दल थोडक्यात. मोठ्याने वाचा. रेडिओ रिपब्लिक इंडोनेसियाच्या बातम्या ऐकून एक-दोन वाक्यं उतरवून घ्या आणि मग पडताळून पाहा. रविवारी चार तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास बरा. मोबाइलवरच्या अनुवादाचा आधार शब्दापुरता घ्या, वाक्यापुरता घेतलात की प्रत्यय शिकणं थांबतं.

साहित्याकडे वळताना

आधी एक गैरसमज दूर करू. जावात रामायण-महाभारत आहे, म्हणून इंडोनेशियन साहित्य आपल्या ओळखीचं, असं समजून बरेचजण येतात. म्पू कान्व यांचं ‘अर्जुनविवाह’ किंवा ११५७ सालचं ‘भारतयुद्ध’ ही काव्यं जुन्या जावानीजमध्ये, म्हणजे कवी भाषेत आहेत. त्यांचा अभ्यास हा वेगळा विषय. त्याला झुटमुल्डर यांचा १९८२चा कोश आणि कित्येक वर्षं लागतात. इंडोनेशियन येऊन ती वाचता येत नाहीत. शिवाय कथाही आपली राहिलेली नाही. तिकडची श्रीकांडी ही अर्जुनाची पत्नी आणि धनुर्धर स्त्री आहे. महिला खेळाडू जिंकल्या की वर्तमानपत्रं त्यांना तिच्याच नावाने गौरवतात. आपला शिखंडी डोक्यात ठेवून ती बातमी वाचलीत तर काहीच कळणार नाही.

आधुनिक साहित्य विसाव्या शतकातलं. वाचनाचा क्रम काळाप्रमाणे लावू नका. अभ्यासक्रमात १९२२च्या मारा रुसली यांच्या ‘सित्ति नुर्बाया’पासून सुरुवात होते. कादंबरी महत्त्वाची आहे, जुलमाच्या लग्नाला तिथे आजही तिच्या नावाने ओळखतात. पण तिची भाषा जुनी, मलय अलंकारांनी भरलेली. पहिल्या वर्षी ती वाचली तर साहित्यावरचं मनच उडेल. त्याआधी लहान मुलांसाठी लिहिलेल्या कान्चिलच्या, म्हणजे चतुर पिसोरीच्या गोष्टी वाचा. वाक्यं छोटी, क्रियापदं रोजची.

मग कवितेकडे या, आणि तीही सापार्दी जोको दामोनो (१९४०–२०२०) यांच्या. शब्द इतके साधे की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कोश लागत नाही. म्हणूनच त्या फसव्या आहेत. १९९४च्या ‘हुजान बुलान जुनि’ या संग्रहाचं नाव घ्या: जून महिन्यातला पाऊस. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे काय येतं? मृगाच्या सरी, मातीचा वास, पेरणीची लगबग, शाळेचं नवं दप्तर. जावात जून हा कोरड्या ऋतूचा महिना. पाऊस तिथे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. म्हणजे जूनमधला पाऊस अवेळी आलेला, येऊ नये तेव्हा आलेला आहे. हे ठाऊक नसेल तर कवितेतला प्रत्येक शब्द कळूनही कविता उलटी वाचली जाते. म्हणून साहित्याच्या वहीत शब्दार्थांबरोबर एक वेगळा रकाना ठेवा: ऋतू, पिकं, खाणं, सण, नाती. कोश जे सांगत नाही ते तिथे जमा होईल.

खैरिल अन्वर (१९२२–१९४९) सव्विसाव्या वर्षी गेले आणि मोजक्या कवितांनी भाषा बदलून गेले. त्या छोट्या दिसतात, पण घाई करू नका. ते उपसर्ग-प्रत्यय जाणूनबुजून गाळतात. भरलेलं रूप अंगवळणी पडलं नसेल तर गाळलेलं दिसत नाही. पान्तुन हा चार ओळींचा लोकप्रकार मात्र लवकर वाचा. पहिल्या दोन ओळींचा पुढच्या दोनशी अर्थाने फारसा संबंध नसतो, यमक जुळतं आणि खरी गोष्ट शेवटी येते. लग्नातला उखाणा ऐकलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

गद्यात कथेपासून सुरुवात करा. आ. आ. नाविस यांची १९५५ची ‘रोबोह्ञा सुराउ कामि’ ही कथा पहिल्यांदा वाचायला चांगली. सुराउ म्हणजे मिनांगकबाऊ मुलखातलं छोटं प्रार्थनाघर; ते कोसळलं, त्याची गोष्ट. शीर्षकातला ‘कामि’ पाहा. निवेदक गावाबाहेरून आलेल्या कुणाला तरी उद्देशून बोलतो आहे, म्हणून ‘आमचं’ सुराउ, ‘आपलं’ नव्हे. इंग्रजी अनुवादात हा फरक पुसला जातो आणि त्या अनुवादावरून मराठी करणाऱ्याला अंदाज बांधावा लागतो. मूळ उघडलंत तर अंदाजाची गरजच नाही. मराठीत थेट इंडोनेशियनमधून अनुवाद व्हायला हवेत असं मला वाटतं ते अशा जागांमुळे. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने एखादी कथा हाती घेऊन पाहावी; छापायची असेल तर लेखक किंवा प्रकाशकाची परवानगी आधी घ्यावी.

आंद्रेआ हिराता यांची ‘लास्कार पलाङि’ (२००५) ही बलितुङ बेटावरच्या गरीब शाळेची कादंबरी लोक पहिली म्हणून सुचवतात. गोष्ट सोपी आहे, शब्दसंग्रह नाही. लेखकाला शास्त्रीय नावांची हौस आहे. २००८चा चित्रपट आधी पाहून मग वाचा.

प्रामुद्या अनंता तूर (१९२५–२००६) यांच्याकडे मात्र घाईने जाऊ नका, आणि गेल्याशिवाय राहूही नका. बुरु बेटावर कैदेत असताना कागद-पेन नव्हतं तेव्हा त्यांनी ‘बुमि मानुसिया’ची कथा सोबतच्या कैद्यांना तोंडी सांगितली. ती कादंबरी १९८० साली छापून आली, पुढच्या वर्षी तिच्यावर बंदी आली. वाचताना कथानकाइतकंच संबोधनांकडे लक्ष ठेवा. कोण कुणाला ‘तुआन’ (साहेब) म्हणतं, कोण ‘ञाई’ (गोऱ्या मालकाने ठेवलेली देशी बाई), नायक मिङ्के ञाई ओन्तोसोरोहला ‘मामा’ कधी म्हणू लागतो, बापासमोर त्याला रांगत का जावं लागतं. वसाहतीतली सगळी उतरंड त्या शब्दांत आहे. अहो-जाहो आणि अरे-तुरे यांच्यात वाढलेल्या वाचकाला ती पटकन जाणवते. पेन्सिल घेऊन नुसती संबोधनं अधोरेखित केलीत तरी एक निबंध तयार होईल.

जुन्या आवृत्त्या हाती आल्या तर स्पेलिंगने गोंधळू नका. १९०१च्या डच पद्धतीत ‘उ’साठी ओ-ई ही दोन अक्षरं लिहीत, १९४७ साली ती गेली. च आणि ज साठीची जोडाक्षरं १९७२च्या सुधारणेत बदलली, आणि पूर्वीचं ‘जे’ हे अक्षर य साठी होतं. माणसांच्या नावांत जुनं रूप अजून टिकून आहे. म्हणून तूर यांच्या नावात ओ-ई दिसतं आणि उच्चार ऊ होतो. एक छोटा तक्ता करून मुखपृष्ठाच्या आत चिकटवून ठेवा.

शिकायला कुठे जायचं? मुंबईत इंडोनेशियाचा वाणिज्य दूतावास आहे, चौकशी तिथून सुरू करा. दिल्लीत संरक्षण मंत्रालयाच्या स्कूल ऑफ फॉरेन लँग्वेजेसमध्ये ही भाषा शिकवतात. इंडोनेशिया सरकारच्या ‘दर्मासिस्वा’ शिष्यवृत्तीवर परदेशी विद्यार्थ्याला तिथल्या विद्यापीठात भाषा किंवा कला शिकता येते. पदवी मिळत नाही, पण भाषा पक्की होते. परदेशी लोकांसाठीच्या वर्गांना ‘बीपा’ म्हणतात. योग्यकर्ताचं गजह मदा विद्यापीठ आणि जकार्ताजवळ देपोकला असलेलं युनिव्हर्सितास इंदोनेसिया यांचे असे वर्ग आहेत. योग्यकर्ता शांत आणि स्वस्त, पण वर्गाबाहेर कानावर जावानीज पडेल. जकार्तात बोलभाषा जोरात शिकाल, राहणं महाग. नोकरी किंवा पुढच्या प्रवेशासाठी पातळीचा दाखला हवा असेल तर ‘उकेबीई’ ही सरकारी चाचणी आहे. तिच्यात सात श्रेणी असतात, आणि ऐकणं, वाचन, लेखन, बोलणं यांच्या जोडीला व्याकरणाचाही भाग असतो.

विद्यापीठाला पत्र लिहाल तेव्हा तीन गोष्टी नक्की विचारा: वर्गात कोणती पुस्तकं लावली आहेत, बोलभाषेचा तास असतो का, आणि साहित्याच्या तासाला स्थानिक विद्यार्थ्यांबरोबर बसू देतात का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं, तर शहर जरा आडवळणाचं असलं तरी अर्ज तिथेच करा.